मुलांच्या वाचनालयातली कामाची जागा कशी मांडावी

मुलांसाठी वाचनालय सुरू करायचे ठरले की पहिली चर्चा पुस्तकांच्या यादीवर होते आणि दुसरी कपाटांच्या खर्चावर. मूल तिथे नेमके कुठे आणि कसे बसेल, वाचता वाचता त्याला काय करावेसे वाटेल, याचा विचार मात्र खोली भरून झाल्यावर होतो. त्यामुळे अनेक ग्रंथालयांच्या बालविभागांत भिंतीलगत कुलूपबंद उंच कपाटे, मधोमध मोठ्यांच्या उंचीचे लांब टेबल आणि खुर्चीत पाय लोंबकळत बसलेली मुले दिसतात. हा क्रम उलटा करता येतो आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत. पुढील मांडणीसाठी साधारण १५ बाय २० फुटांची खोली, तीनशे ते पाचशे पुस्तके आणि एका वेळी येणारी वीसेक मुले असे माप धरले आहे. ही खोली गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग असू शकते, जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिकामी वर्गखोली असू शकते किंवा गृहनिर्माण संस्थेने संध्याकाळपुरते उघडून दिलेले सभागृहही असू शकते.

आधी एक गैरसमज दूर करावा

‘प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते’ हे वाक्य शिक्षक आणि पालक दोघांच्याही तोंडी असते. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी कॉलीन मिल्स यांच्यासह १९९२ मध्ये मांडलेली चार प्रकारांची विभागणी विशेष रूढ झाली: पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि प्रत्यक्ष कृतीतून शिकणारे. मात्र मुलाचा प्रकार ओळखून त्याला त्याच पद्धतीने शिकवले तर ते अधिक चांगले शिकते, या दाव्याची हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तपासणी केली, तेव्हा त्याला पुरेसा आधार देणारे पुरावे त्यांना आढळले नाहीत. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरेच आहे. परंतु आवड म्हणजे कायमची जात नव्हे.

मांडणीच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘ऐकणाऱ्या मुलांचा कोपरा’, ‘कृतिशील मुलांचे टेबल’ अशा पाट्या लावल्या की मूल एका खणात बसवले जाते आणि मोठी माणसेही त्याला तिथेच पाठवू लागतात. पक्ष्यांवरचे पुस्तक हाती घेतलेली एखादी मुलगी आधी चित्रे चाळते, मग भारद्वाजाचा आवाज कसा असतो ते कोणाला तरी विचारते, नंतर त्याची चोच कागदावर काढून पाहते आणि शेवटी चित्राखाली नाव लिहिते. एका तासात ती चारही प्रकारांतून फिरून येते. म्हणून जागेचे भाग मुलांच्या प्रकारांनुसार न पाडता कामांच्या प्रकारांनुसार पाडावेत आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याची मोकळीक मुलाकडे ठेवावी, हे या लेखाचे मूळ सूत्र आहे.

याचा अर्थ सगळी मुले सारखीच असतात असा नाही. उंची, वय, वाचनाची पातळी, घरची भाषा, दृष्टी, डावखुरेपणा, गोंगाट सहन करण्याची ताकद आणि एका जागी बसून राहण्याची क्षमता यांत फरक असतात; ते डोळ्यांना दिसतात, मोजता येतात आणि मांडणीत त्यांची सोय करता येते. खरी मेहनत तिथे घ्यावी.

पहिली पायरी: सामान घेण्यापूर्वी आठवडाभर पाहणी

खोली झाडून घ्यावी, दोन-तीन सतरंज्या अंथराव्यात, टोपल्यांमध्ये चाळीस-पन्नास पुस्तके ठेवावीत आणि मुलांना येऊ द्यावे. या आठवड्यात सुतार बोलावू नये, कपाट मागवू नये. एका वहीत चार गोष्टी टिपाव्यात: मुले कुठे बसतात, कशी बसतात, कोणासोबत बसतात आणि पुस्तक मिटल्यावर लगेच काय करतात. शेवटची नोंद सर्वांत उपयोगी असते. काही मुले पुस्तक मिटून शेजाऱ्याला गोष्ट सांगू लागतात, काही तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडतात, काही कागद मागतात, तर काही उठून चक्कर मारतात. बोलण्याची जागा किती मोठी हवी, कागद-खडूंचा साठा कुठे हवा आणि येण्याजाण्याची वाट किती रुंद हवी, हे या नोंदींतून समजते.

टिपताना ‘हा चंचल’, ‘ती लाजाळू’ असे शेरे लिहिण्याचा मोह टाळावा आणि जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच लिहावे. ‘दारापाशी बसला, कोणी आत आले की मान वर करून पाहतो, पाच पानांनंतर उठला’ या नोंदीवरून त्याची जागा दारापासून लांब आणि भिंतीकडे तोंड करून असावी हे सुचते. ‘चंचल’ या शेऱ्यावरून काहीच सुचत नाही.

खोलीचीही पाहणी करावी. चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कुठे पडते, पंख्याचा वारा कुठपर्यंत पोचतो, विजेचे बटण आणि प्लग कोणत्या भिंतीवर आहेत, पावसात कोणता कोपरा ओलावतो आणि रस्त्याचा आवाज कोणत्या बाजूने येतो, या गोष्टी नकाशा काढण्यापूर्वी माहीत असायला हव्यात. आठवड्याच्या शेवटी मुलांना कोरे कागद देऊन त्यांना हवे तसे वाचनालय काढायला सांगावे. त्यातले झोके आणि धबधबे बाजूला ठेवले, तरी एखादी लपून बसायची जागा बहुतेक चित्रांत सापडते, आणि ती मागणी गंभीरपणे घ्यावी.

दुसरी पायरी: खोलीचा नकाशा

चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट असे माप धरून खोली काढावी. दार, खिडक्या, प्लग आणि ओलसर कोपरा दाखवावा. कपाटे, चटया आणि टेबले यांचे त्याच मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून ते नकाशावर सरकवून पाहावेत. खरे कपाट चार वेळा हलवण्यापेक्षा हे सोपे पडते आणि मुलांनाही त्यात भाग घेता येतो.

खोलीत चार प्रकारच्या कामांना जागा लागते: एकट्याने शांतपणे वाचणे, मिळून वाचणे व ऐकणे, हाताने काही करणे, आणि पुस्तकांची देवघेव. क्रम ठरवताना आवाजाकडे लक्ष द्यावे. देवघेवीचे टेबल दाराशी, त्याच्या पुढे मिळून वाचण्याची सतरंजी, आणि शांत वाचनाची जागा दारापासून सर्वांत लांब, शक्यतो खिडकीजवळ असावी. रंग, पाणी आणि गोंद यांचे काम मोरीच्या किंवा व्हरांड्याच्या बाजूला असावे, म्हणजे ओले हात पुस्तकांजवळून जात नाहीत. दोन भागांच्या मध्ये भिंत उभारण्याची गरज नसते. साडेतीन फूट उंचीचे बुटके कपाट आडवे ठेवले की बसलेल्या मुलाला आडोसा मिळतो आणि उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला सगळी खोली दिसते.

मुख्य वाट किमान तीन फूट रुंद ठेवावी. आज चाकाच्या खुर्चीवरचे मूल येत नसले तरी ही वाट ठेवावी, कारण वाटच नसेल तर ते मूल कधी येणारही नाही. दाराशी उंबरा असेल तर फळीचा उतार करून घ्यावा.

जागेची वाटणी करताना जमिनीवरच्या बैठकीला सर्वांत मोठा वाटा द्यावा. मुलांना मांडी घालून, भिंतीला टेकून किंवा पालथे पडून वाचण्याची सवय घरातच असते, आणि सतरंजीवर वीस मुले जितक्या जागेत मावतात तितक्या जागेत टेबल-खुर्चीवर दहाही मावत नाहीत.

तिसरी पायरी: बैठक, उंची आणि उजेड

खुर्च्या-टेबले घ्यायचीच असतील तर मुलांची उंची मोजून घ्यावीत. इयत्तेवरून अंदाज करू नये. शाळेच्या फर्निचरसाठीच्या युरोपीय मानकातील मापे इथेही उपयोगी पडतात. साधारण ११० ते १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी बैठकीची उंची ३१ आणि टेबलाची ५३ सेंटिमीटर, १२० ते १४० उंचीसाठी अनुक्रमे ३५ आणि ५९, तर त्याहून उंच, दीडशेच्या आसपासच्या मुलांसाठी ३८ आणि ६४ सेंटिमीटर योग्य ठरते. मोठ्यांचे नेहमीचे टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे दुसरीतल्या मुलाला त्यावर लिहिताना खांदे वर उचलावे लागतात. मूल बसल्यावर पावले पूर्ण जमिनीला टेकली आणि कोपर टेबलाच्या पातळीला आले की माप बरोबर आहे असे समजावे. जुने उंच टेबल टाकून देता येत नसेल तर सुताराकडून त्याचे पाय कापून घ्यावेत. देणगी मिळालेल्या फर्निचरचा असा उपयोग करायला समितीने संकोच करू नये.

जमिनीवर मांडी घालून लिहिण्यासाठी दहा ते बारा इंच उंचीचे उतरते डेस्क उत्तम. चार-पाच डेस्क पुरतात. भिंतीला टेकून बसणाऱ्यांसाठी लोड किंवा घट्ट भरलेल्या उश्या ठेवाव्यात, आणि त्यांचे अभ्रे काढून धुता येतील असे असावेत. उभे राहून वाचायला आवडणारी मुलेही असतात; त्यांना बसवण्याचा आग्रह न धरता खिडकीखाली त्यांच्या कोपराच्या उंचीवर नऊ इंच रुंदीची एक फळी ठोकून द्यावी. मघाशी उल्लेख केलेला, पाच पानांनंतर उठणारा मुलगा अशा फळीपाशी जास्त वेळ टिकण्याची शक्यता असते, कारण तिथे पाय हलवायला मोकळीक असते.

लपून बसण्याच्या जागेसाठी मोठ्या पलंगपोसाचा तंबू, जिन्याखालची पोकळी किंवा दोन कपाटांमधली तीन फुटांची फट पुरेशी आहे. मात्र आतले मूल बाहेरून सहज दिसले पाहिजे आणि तिथे उजेडही हवा. सुरक्षिततेबाबत तडजोड करून आडोसा देऊ नये.

वाचनाच्या जागेवर साधारण ३०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढा उजेड असावा. लक्स मोजणारी ॲप मोबाईलवर मिळतात, आणि त्यांचे आकडे अगदी अचूक नसले तरी उजळ आणि अंधारा कोपरा यांतला फरक कळण्यास पुरतात. पुस्तकावर थेट ऊन पडू नये, कारण चकचकीत कागदावरची चमक डोळ्यांना त्रास देते आणि मुखपृष्ठांचे रंगही उडतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डाव्या बाजूने लागतो आणि डावखुऱ्याला उजव्या बाजूने. म्हणून डेस्क दोन्ही दिशांना तोंड करून ठेवावेत; सगळे एकाच दिशेला लावले की डावखुरे मूल स्वतःच्या हाताच्या सावलीत लिहीत राहते आणि तक्रारही करत नाही.

चौथी पायरी: पुस्तके मुलांच्या हाताशी

ग्रंथालयशास्त्राचे भारतातील जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच सिद्धांत प्रसिद्ध केले, त्यांतला पहिला ‘पुस्तके उपयोगासाठी आहेत’ असा आहे. कुलूप लावलेल्या काचेच्या कपाटातून हा सिद्धांत पाळता येत नाही. मुलांच्या विभागात मुक्त प्रवेशच असला पाहिजे. मुलाने स्वतः पुस्तक उचलावे, चाळावे, नको असेल तर परत ठेवावे. चार पुस्तके फाटतील आणि दोन हरवतील, हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

कपाटाचा सर्वांत वरचा खण १२० सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायची फळी ७५ सेंटिमीटरहून लांब ठेवली तर पुस्तकांच्या भाराने ती मधोमध बसू लागते, म्हणून मध्ये उभा आधार द्यावा. कपाट भिंतीला पट्टीने आवळून टाकणे अनिवार्य आहे. मुले खणांवर पाय ठेवून चढतातच.

लहान मुले पुस्तक निवडतात ते मुखपृष्ठ पाहून. पाठकणा पाहून निवडण्यासाठी आधी वाचता यावे लागते, आणि चित्रपुस्तकांचा कणा इतका बारीक असतो की त्यावर नावही मावत नाही. त्यामुळे किमान वीस-पंचवीस पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडावीत. सहा फूट लांबीच्या पट्टीवर सात-आठ चित्रपुस्तके बसतात, तेव्हा एकाखाली एक तीन पट्ट्या केल्या की काम होते. छपराच्या पाण्यासाठी लावतात ती पीव्हीसीची पन्हळ कापून भिंतीवर बसवली तर स्वस्त आणि टिकाऊ पट्टी तयार होते. कडा मात्र घासून गुळगुळीत करून घ्याव्यात. भिंतीवर ठोकाठोकी करायला परवानगी नसेल तर ताणलेल्या दोरीवर पुस्तक मधल्या पानात उघडून अडकवता येते किंवा खिसे शिवलेला जाड कापडाचा पडदा टांगता येतो. समोर मांडलेली पुस्तके दर पंधरवड्याला बदलावीत. जी पुस्तके महिनोन्‌महिने कोणी उचलत नाही, त्यांतली कित्येक मुखपृष्ठ समोर आल्यावर लगेच घरी जातात.

आता वर्गीकरणाबद्दल. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला दाखलअंक, म्हणजे त्याचा स्वतःचा नोंदक्रमांक, द्यावा आणि विषय दाखवणारा ड्यूई दशांश वर्गांकही लिहावा, जसे लोककथांसाठी ३९८.२, पक्ष्यांसाठी ५९८, मराठी साहित्यासाठी ८९१.४६, अशा पद्धतीने. संग्रह वाढला की हे अंक उपयोगी पडतात आणि सातवी-आठवीतल्या मुलांना हे अंक वापरून पुस्तक शोधणे आवडतेही. परंतु खणांवरच्या पाट्या मुलांच्या भाषेत असाव्यात: प्राण्यांच्या गोष्टी, हसवणाऱ्या गोष्टी, भीती वाटणाऱ्या गोष्टी, करून पाहू, खरी माणसे, कविता आणि गाणी. या पाट्या मुलांकडून ठरवून घ्याव्यात. मुले वर्गीकरण करायला बसली की एकच पुस्तक दोन खणांत बसते यावरून त्यांच्यात वाद होतात, आणि तो वाद म्हणजे पुस्तकाच्या आशयाबद्दल केलेला खरा विचार असतो.

वाचनपातळीसाठी रंगीत पट्ट्या लावण्याची पद्धत अनेक शालेय ग्रंथालयांत आहे. ‘रूम टू रीड’ ही संस्था हिरवा, लाल, केशरी, पांढरा, निळा आणि पिवळा अशा चढत्या क्रमाने रंग वापरते. ‘प्रथम बुक्स’च्या पुस्तकांना चार स्तर असतात आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २५० शब्दांपर्यंतची पुस्तके पहिल्या स्तरात, तर दीड हजारांहून अधिक शब्दांची चौथ्या स्तरात मोडतात. या खुणा मोठ्यांसाठी फार सोयीच्या आहेत. संग्रहात सोपी पुस्तके किती कमी आहेत हे त्यांमुळे ताबडतोब लक्षात येते. पण ‘तू हिरव्यातलेच घे’ असे मुलाला कधीही सांगू नये. आवडीच्या विषयासाठी मूल आपल्या पातळीच्या पुष्कळ वरचे पुस्तक झेपवते, आणि थकलेल्या दिवशी सातवीतल्या मुलालाही चित्रपुस्तक हवेसे वाटते. पट्टी पुस्तकावर लावावी, मुलावर नव्हे.

संग्रहात भाषेचाही विचार हवा. नंदुरबारला पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकी मराठी त्याला परकी वाटू शकते. या बोलींतली छापील बालपुस्तके थोडी आहेत, म्हणून ती तयार करावीत: आजी-आजोबांनी सांगितलेली गोष्ट मुलांनी लिहावी, चित्रे काढावीत, जाड दोऱ्याने शिवावी आणि तिला दाखलअंक देऊन इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवावी. हस्तलिखित पुस्तकांसाठी वेगळे कपाट करू नये. दाखलअंक मिळाल्याने त्या भाषेला जो मान मिळतो तो महत्त्वाचा आहे.

नवी खरेदी करताना नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका आणि एकलव्य यांच्या याद्या पाहाव्यात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. त्यांतली निवडक पाने छापून शिवली तर एक उत्तम संच होतो. शाळांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असणे अपेक्षित आहे. शाळा व्यवस्थापन समितीपुढे मागणी ठेवताना हा आधार नमूद करावा.

पाचवी पायरी: ऐकण्याची आणि हाताने करण्याची जागा

मिळून वाचण्याच्या सतरंजीवर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याची जागा ठरलेली असावी आणि तिच्या मागे खिडकी नसावी. पाठीमागून उजेड आला की मुलांना चित्र आणि वाचणाऱ्याचा चेहरा दोन्ही काळपट दिसतात. चित्रपुस्तक दाखवून वाचायचे असेल तर समोर बारा-पंधरापेक्षा जास्त मुले बसवू नयेत. आवाज घुमत असेल तर गोधड्या, चटया आणि जाड पडदे यांनी तो पुष्कळ कमी होतो; सिमेंटची जमीन आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या खोलीत याचा उपयोग विशेष जाणवतो.

ध्वनिमुद्रित गोष्टींसाठी एक जुना मोबाईल आणि छोटा स्पीकर पुरे. इयरफोन द्यायचेच असतील तर आवाजाची कमाल मर्यादा आधीच बांधून ठेवावी. ऐकताना त्याच गोष्टीचे पुस्तक हातात असेल अशी जोडी लावून ठेवली तर अडखळत वाचणाऱ्या मुलांना ओळींवर बोट फिरवत सोबत जाता येते.

हाताच्या कामाच्या टेबलाजवळ उघड्या ट्रेमध्ये पाठकोरे कागद, खडू, पेन्सिली, बोथट टोकाच्या कात्र्या, गोंद, जुनी मासिके, दोरा आणि काचेऐवजी प्लॅस्टिकचे भिंग असावे. ट्रेच्या तळाशी त्या वस्तूचे चित्र चिकटवले की वाचता न येणारे मूलही वस्तू जागेवर परत ठेवते. या टेबलाला नेहमी पुस्तकाशी जोडून ठेवावे. ‘करून पाहू’ खणातले एक पुस्तक आठवडाभर तिथेच उघडे ठेवावे आणि त्यातल्या एका कृतीचे साहित्य शेजारी मांडावे; नाहीतर ते हस्तकलेचे टेबल होते आणि पुस्तके दूर राहतात.

भिंतींबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण उत्साही कार्यकर्ते सर्वांत जास्त श्रम तिथेच घेतात. अमेरिकेत ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या २४ मुलांवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तक्ते-चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात मुलांचे लक्ष जास्त वेळा विचलित झाले आणि मोकळ्या भिंतींच्या वर्गापेक्षा ती कमी शिकली, असे त्यात दिसले. अभ्यास छोटा आहे, पण सावध करणारा आहे. शांत वाचनाच्या जागेसमोरची भिंत कोरी ठेवावी. मुलांची चित्रे, नव्या पुस्तकांची माहिती आणि ‘हे पुस्तक का वाचावे’ अशा चिठ्ठ्या दाराजवळच्या एकाच फलकावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावाव्यात आणि महिन्याने उतरवाव्यात.

ज्यांच्यासाठी वेगळी तयारी लागते

वाचनअक्षमता असलेल्या मुलासाठी पोस्टकार्डाच्या आकाराच्या जाड कागदात एका ओळीएवढी खिडकी कापून ठेवावी. ती पानावर सरकवत वाचली की ओळ निसटत नाही. ही खिडकी सर्वांसाठी खुल्या ट्रेमध्ये ठेवावी, म्हणजे ती वापरणारे मूल वेगळे दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे शाळेकडे साहाय्य मागणे हा पालकांचा हक्क आहे. अंध आणि अल्पदृष्टी मुलांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नोंदणी करता येते. गोंगाटाने कासावीस होणाऱ्या मुलासाठी आठवड्यातला एखादा तास कमी गर्दीचा ठेवणे हा कोणत्याही उपकरणापेक्षा चांगला उपाय आहे.

ओल, कसर आणि देवघेव

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवावे, खालचा खण जमिनीपासून किमान सहा इंच वर असावा, पुस्तके ठासून भरू नयेत आणि उघडीप मिळेल त्या दिवशी खिडक्या उघडून खणांत वारा खेळू द्यावा. भिंतीला आवळायची पट्टी त्यासाठी लांब आणि भक्कम घ्यावी. डांबरगोळ्या मुलांच्या खोलीत ठेवू नयेत. त्यांतले नॅफ्थलीन विषारी असते, लहान मूल ती गोळी खडीसाखर समजून तोंडात घालू शकते आणि काही आनुवंशिक दोष असलेल्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. पूर्वापार वापरले जाणारे वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून वरच्या खणात ठेवावा, आणि त्यावरच विसंबून न राहता पुस्तके दर महिन्याला झटकावीत. फाटलेले पान सेलोटेपने चिकटवू नये, कारण तो पिवळा पडून कागद खराब करतो. पातळ जपानी कागद किंवा साधा टिश्यू कागद आणि पांढरा गोंद वापरावा. खळीने चिकटवलेल्या पानांकडे कसर आणि झुरळे ओढली जातात.

देवघेवीची नोंदवही मुलांच्या हाती द्यावी. दाखलअंक, पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची आणि परत केल्याची तारीख एवढे पाच रकाने तिसरी-चौथीतले मूल सहज भरते. टेबल त्यांच्या उंचीचे असले की पाळ्याही तेच लावून घेतात. दंड ठेवू नये. दंडाच्या भीतीने पुस्तक परत येत नाही आणि मूलही येत नाही.

घरात एवढी जागा नसेल तर

दोन खोल्यांच्या घरातही हेच सूत्र लागू पडते. खिडकीजवळची तीन बाय चार फुटांची जागा, एक घडीची चटई, एक उतरते डेस्क, मुखपृष्ठे समोर दिसतील अशी दहा पुस्तकांची पट्टी आणि झाकणाच्या डब्यात कागद-खडू एवढ्यावर भागते. पुस्तके घरात कमी आणि वाचनालयातून बदलत आणलेली जास्त, असे ठेवावे. दूरदर्शन संच त्याच भिंतीवर असेल तर जागा बदलावी.

फेरतपासणी

मांडणी पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी पहिल्या आठवड्यासारखीच पाहणी पुन्हा करावी आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. रिकाम्या राहणाऱ्या जागेचे कारण शोधावे. बहुधा उजेड, वारा किंवा येण्याजाण्याची वर्दळ यांपैकी एक निघते. गर्दीच्या जागेत भांडणे होत असतील तर तशीच दुसरी जागा करावी. नियमांची पाटी लावून तो प्रश्न सुटत नाही. जूनमध्ये मुलांच्या उंचीची मोजमापे पुन्हा घ्यावीत, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर गेल्या वर्षीचे डेस्क काहींना लहान झालेले असते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला नवे वाचक एकदम येतात, म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात समोरची पुस्तके बदलून सोप्या पुस्तकांचे प्रमाण वाढवावे आणि सतरंजीची जागा थोडी वाढवावी.